दोन दारांची खोली

“मॅडम, तुम्ही जरा या खोलीत येता का?” सिस्टरने विचारलं. ती खोली कशासाठी आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

हे हॉस्पिटल मीच डिझाइन केलेलं. ती खोली तर भांडून मिळवलेली. “एवढ्या जागेत दोन खाटा बसतील,” म्हणून ट्रस्टी अडून बसले होते. मी हटले नाही. वाईट बातमी कुणाला चारचौघांत उभ्यानं ऐकायला लागू नये, बसायला कोच असावा, आणि रडवेला चेहरा घेऊन गर्दीतून जावं लागू नये म्हणून मागे दुसरं दार. ते दार नकाशात काढताना माझ्या मनात सगळे होते, फक्त बाबा नव्हते. आज सकाळी त्यांना बायपाससाठी आत नेलं होतं.

मी आत गेले. कोचावर सर्जन मांडीवर डबा उघडून बसले होते. गडबडीने घास गिळून म्हणाले, “बाबा एकदम ठीक आहेत हो! शुद्धीवर येतायत. भूक फार लागली होती, म्हणून तुम्हालाच इकडे बोलावलं. तुमच्या या हॉस्पिटलात आम्हाला जेवायला दुसरी जागाच नाही.”

खरंच की. नकाशात ती मी काढलीच नव्हती.

“बसा, धपाटं घ्या,” म्हणत त्यांनी डबा पुढे केला. सकाळपासून माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिथे मात्र धपाट्याचा तुकडा हातात धरून मी हमसून हमसून रडले, आणि मागच्या दारानं बाहेर पडले.