सव्वासहाच्या बातम्या

"माझा नंबर कितवा?"

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या खिडकीशी तिने एवढंच विचारलं. आतली मुलगी "बारावा" म्हणाली. पण मागच्या बाकावर कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं, आणि निवेदिकेला कळून चुकलं की आपला आवाज ओळखला गेलाय.

रेडिओ सोडल्यापासून ती चारचौघांत बोलायचं टाळत असे. भाजी बोट दाखवून घ्यायची. भाजीवाली तिला मुकी समजून वर दोन मिरच्या जास्तच टाकायची.

"बाई, तुम्ही रेडिओवरच्या ना?" बाकावरची बाई सरकून जागा करत म्हणाली. तिच्या शेजारी तिची सासू डोळे मिटून बसली होती. दोन्ही डोळ्यांत औषध घातलेलं, हाक मारेपर्यंत उघडायचे नाहीत अशी ताकीद.

"विचारतेस काय?" म्हातारी म्हणाली. "सव्वासहाच्या बातम्या. तुझं बोलणं मला शेजारी बसून ऐकू येत नाही, आणि यांचं विहिरीवर असले तरी ऐकू यायचं."

"आई, हसू नका. औषध गळतंय." सुनेने पदराच्या टोकाने तिचा गाल टिपला.

निवेदिका बसली. उठून जाणं बरं दिसलं नसतं.

"आमचा दादू, हिचा नवरा, तुमच्याशिवाय होडी सोडायचा नाही," म्हातारी सांगू लागली. "म्हणायचा, आभाळ एक वेळ थापा मारील, बाई मारणार नाहीत. तुम्ही 'जाऊ नये' म्हणालात की मी आतून ओरडायची, 'ऐकलंस का रे?' आणि तो जाळं परत खुंटीला लावायचा. चिडायचा, पण लावायचा."

निवेदिकेने पुढचं विचारलं नाही. सुनेने आपणहून सांगितलं, रोजचं काहीतरी सांगावं तसं.

"त्या दिवशीही ऐकलं त्यांनी. अगदी शेवटपर्यंत. तुम्ही 'नमस्कार' म्हणालात, मग उठले. होडी परत आली नाही. अकरा वर्षं झाली." मग ती घाईने म्हणाली, "तुमचा काय दोष, बाई? वरून इशाऱ्याचा कागदच आला नसेल, तर तुम्ही काय वाचणार?"

हे वाक्य निवेदिकेला आजवर चौघांनी ऐकवलं होतं. त्यात केंद्राचे साहेबही होते. चारही वेळा तिने मान हलवली होती. पुढे दोन वर्षांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, तेव्हा घशाचं कारण दिलं होतं.

आज मान हलेना.

"कागद आला होता," ती म्हणाली.

सुनेचा हात सासूच्या गालाशीच थांबला.

"बातम्या संपायला एक मिनिट होतं. इंजिनीअरने दार ढकलून कागद टेबलावर ठेवला. मी शाळांच्या स्पर्धांचे निकाल वाचत होते. मुलांची नावं. आईबाप दिवसभर त्या नावांसाठी खोळंबलेले असतात. मला वाटलं, मध्येच कशी तोडू? साडेसातच्या बातम्यांत जाईलच की. मी तो कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला."

"सातला सुटली होडी," सून म्हणाली.

"हो. साडेसातला दुसऱ्या बाईंनी वाचलं. कागद कधी आला, ते कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही."

समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर अक्षरं वरून खाली बारीक होत गेली होती. सून तिकडे बघत राहिली.

"काय होतं त्यात?" म्हातारीने विचारलं.

"आई, राहू द्या आता."

"तू थांब गं. बाई, वाचा."

"आजी, कागद नाहीये माझ्याकडे."

"पाठ असेल."

पाठ होतं. रोज पहाटे जाग आली की दात घासायच्या आधी ते तोंडात यायचं. पण मोठ्याने ते तिने कधीच म्हटलं नव्हतं, रिकाम्या घरातसुद्धा. तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. पाठ आपोआप ताठ झाली. आणि तो जुना आवाज, जो गेला असं ती सगळ्यांना सांगत आली होती, जसाच्या तसा बाहेर आला.

"मच्छीमारांसाठी इशारा. आज रात्री किनारपट्टीवर ताशी साठ ते सत्तर किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता आहे. समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

खिडकीतली मुलगी पेन हातात धरून उभी राहिली. एका माणसाने मोबाईल कानापासून दूर केला.

म्हातारीने मिटल्या डोळ्यांनीच तोंड दाराकडे वळवलं.

"ऐकलंस का रे?" तिने आवाज दिला.

ती जरा वेळ कान देऊन बसली. मग तिने चाचपडत सुनेचा हात शोधला आणि हलवला.

"अगं, बघ ना जरा. दारातच असेल अजून. आज नको जाऊस म्हणावं."

सुनेने निवेदिकेकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच, नीट, डोळ्यांत डोळे घालून.

मग ती उठली, दारापर्यंत गेली, आणि भर दुपारच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघत उभी राहिली.