वाळत घातलेली वसाहत

तिसरी शिट्टी झाली तसा मावशींनी गॅस बंद केला आणि त्या पाच नंबरच्या घराकडे धावत सुटल्या. कुकरात नुसतं पाणी होतं. पाच नंबरात रेडिओ लावायचा राहिला होता, नऊ नंबरच्या दारात चपलांचे जोड मांडायचे होते, आणि गिऱ्हाइकांची गाडी फाटकातून आत वळली होती.

अठ्ठेचाळीस बंगल्यांची वसाहत. शहर संपतं तिथून पुढे पाऊण तास. एकोणीस विकले गेले होते, पण घेऊन ठेवणाऱ्यांना. भाव चढला की तेही विकून मोकळे होणार. राहायला काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. आणि माणूस मेला असा, की त्याला महाल दाखवा, तो आधी शेजारी डोकावतो. शेजार रिकामा दिसला की चहा पिऊन पसार. म्हणून बिल्डरने मावशींना ठेवलं होतं. घरं त्याने बांधली, शेजारी मावशींनी उभे करायचे. पगार आणि कोपऱ्यातल्या बंगल्यामागची एक खोली.

आठ महिने दर शनिवार-रविवार मावशी ही वसाहत वाळत घालत होत्या. दोन नंबरच्या गच्चीवर तान्ह्याची दुपटी. सहा नंबरला नोकरदार माणसाचे शर्ट. नऊ नंबरात त्यांनी एक अख्खं कुटुंब वसवलं होतं: लेक तापट, सून कामसू, आणि म्हातारा पायमोजे कुठेही फेकणारा. पायमोजे दोरीवर टाकताना मावशी म्हाताऱ्याला खरोखर झापायच्या, "वय झालं, पण शिस्त म्हणून नाही." ऐकायला चिटपाखरू नसायचं. सोमवारी सगळी माणसं घड्या होऊन पेटीत जायची. मध्यंतरी मावशी तापाने फणफणून तीन दिवस पडून होत्या. शनिवारी ऑफिसातून फोन आला. विचारलं काय, तर कपडे का दिसत नाहीत.

गाडीतून सातजण उतरले. पुढे विक्रीवाला साहेब, तोंडाचा पट्टा चालू. एका तरुण जोडप्यातली मुलगी पोटुशी होती. दुपटी बघून तिने नवऱ्याला कोपर मारलं. "अरे बघ, इथे बाळ आहे! सोबत होईल आपल्याला."

"तू आधी भिंती बघ. दुपट्यांवर कर्ज मिळत नाही," नवरा म्हणाला, पण हसला.

एक साठी ओलांडलेला गृहस्थ मात्र मागे रेंगाळला. बगलेत फाइल, कॉलर झिजलेली, पण इस्त्री कडक. तो मावशींपाशी येऊन थांबला.

"शेजार कसा आहे, बाई?"

"भरलेला आहे. गडबड असते नुसती," मावशींनी पाठ केलेलं म्हटलं.

"आणि तुम्ही?"

आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मावशींना पाठ केलेलं काही सापडेना. "मी तिकडे कोपऱ्यात. एकटीच असते."

"मीही एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी दार उघडल्यावर कुणाचा तरी खोकला ऐकू यावा, एवढंच बघतोय मी." मग त्याने एकदम आवाज चढवला. "माझं ठरलं हो साहेब! दहा नंबर माझं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पोटुशा मुलीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. विक्रीवाला सगळ्यांना घेऊन अकरा नंबरात शिरला.

दहा नंबर. मावशींच्या खोलीपासून चाळीस पावलं. कुणी खोकला तर ऐकू येईल, हाक मारली तर ओ मिळेल. करायचं काय होतं, तर फक्त गप्प बसायचं. आठ महिने त्या तेच तर करत होत्या. पण हा माणूस जन्माची कमाई ओतणार, सोमवारी दार उघडणार आणि वाट बघत बसणार. बाहेर कुणी खोकणार नाही. ते ऐकू न येणं काय असतं, हे मावशींना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी त्याला बाही धरून भिंतीआड ओढलं.

"भाऊ, घेऊ नका. इथे कुणी राहत नाही. ते कपडे, तो रेडिओ, त्या शिट्ट्या, सगळं मीच करते. ही अख्खी वसाहत म्हणजे मी एक बाई आहे. जा सांगा साहेबांना. काढलं तर काढलं."

गृहस्थाचा चेहरा पडला. 

"मी घेणार नव्हतोच, बाई. मी ऑफिसचाच माणूस, इथे आज पहिल्यांदाच आलो. गिऱ्हाइकांत मिसळायचं आणि सगळ्यांच्या आधी मोठ्याने 'ठरलं' म्हणायचं. चार वसाहतींत मिळून बावीस घरं घेतलीत मी. झोपतो ऑफिसच्या जिन्याखाली."

"आणि ते बायकोचं?"

"ते खरं आहे."

अकरा नंबरातून टाळ्यांचा आवाज आला. विक्रीवाला कुणाचं तरी अभिनंदन करत होता. पोटुशी मुलगी दारात आली आणि दुपट्यांकडे बघून उगाचच हात हलवू लागली.

मावशी तरातरा तिकडे निघाल्या. गृहस्थ आडवा आला.

"त्यांना नका सांगू."

"फसतील हो पोरं!"

"ते दोघं आहेत, बाई. वर तिसरं येतंय. त्यांचं भागेल." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि ते खरंच राहायला येणार आहेत."

मावशी थांबल्या.