कोल्ह्यावर लाइट मारण्याबाबत

पोपटच्या ट्रकचे हेडलाइट लागले आणि खाडीच्या बांधावर इंटरव्ह्यूचे कपडे घालून उभा असलेला दिलीप लख्ख उजळला. टीव्हीवर बातम्या सुरू होत्या, तरी सोसायटीतली झाडून सगळी बिऱ्हाडं गॅलरीत आली होती. नेरूळला राहायला आल्यापासून बघण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच घडत होतं.

कल्पना दिलीपच्या आईची, सरोजिनीबाईंची. आजवर प्रत्येक इंटरव्ह्यूत साहेबांनी दिलीपला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं आणि 'कळवतो' म्हणून परत पाठवलं होतं. उद्या शेवटचा. त्यानंतर सरकारी नोकरीचं वयच उलटत होतं. कोकणात गावी असत्या तर सरोजिनीबाईंनी देवाला फुलं लावून कौल मागितला असता. उजवं फूल पडलं की काम झालंच. पण इथे देवळाचा प्लॉटच अजून मंजूर नव्हता. मग उरला कोल्हा. कामाला जाण्याआधी कोल्ह्याचं तोंड दिसलं की काम होतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि कोल्हा तर दिवेलागण झाली की समोरच्या तिवरांच्या झाडीत रोज ओरडायचा. दिसायचा मात्र नाही.

तळमजल्यावरचा पोपट एपीएमसीत कांदे पोचवायचा. त्याने हौसेने ट्रक आणला, तोंड तिवरांकडे केलं, आणि चावी फिरवणार तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज आडवे आले.

धर्मराज कोर्टात शिरस्तेदार होते. रिटायर झाले तरी कोर्ट काही उठलं नव्हतं. रात्री लाइट मारून रानटी जनावराची शिकार करणं गुन्हा आहे, असं त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून सांगितलं. सरोजिनीबाई म्हणाल्या, शिकार कोण करतंय, नुसतं तोंड बघायचंय. त्यावर धर्मराज म्हणाले, आरोपी आधी असंच म्हणतो. मग नुसतं बघणं गुन्हा आहे का, असं दिलीपने विचारलं. धर्मराजांनी डोळे मिटून बराच विचार केला. बघण्याबाबत कायदा स्पष्ट नव्हता, आणि कायदा जिथे स्पष्ट नसतो तिथे सोसायटीने तरी स्पष्ट असावं, असं त्यांचं मत पडलं.

शेवटी निकाल लागला.

"लाइट दिलीपवर मारा," धर्मराज म्हणाले. "तो नागरिक आहे."

हे काय उजळलंय ते बघायला कोल्हा आपणहून येईल. आला तर ती त्याची जबाबदारी.

शकुन सगळ्या कपड्यांना लागावा म्हणून दिलीप इस्त्रीच्या शर्टापासून बुटांपर्यंत जय्यत तयार होता. बूट धर्मराजांचेच. कायद्याने कडक असला तरी माणूस मनाने मऊ. कोर्टात घालायचे काळे बूट त्यांनी इंटरव्ह्यूसाठी आपणहून दिले होते. बांधावर चिखल होता, म्हणून दिलीपने ते काढून बाजूच्या दगडावर, उजेडाच्या बाहेर, नीट जोडीने ठेवले. मग तो अनवाणी उभा राहिला. डोळ्यांपुढे नुसता पिवळा जाळ. त्यात कोल्हा काय, हत्ती आला असता तरी दिसला नसता.

गॅलऱ्यांमधली कुजबुज एकदम थांबली. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, आला. दिलीप डावीकडे वळला. कुणी म्हणालं, उजवीकडे. तो उजवीकडे वळला. मग सगळ्यांचंच ठरलं की कोल्हा त्याच्या मागे आहे. तो गर्रकन मागे वळला, तर त्याची स्वतःचीच लांबलचक सावली तिवरांवर पडली होती. तिच्यात काय दिसणार? कोल्ह्याचं तोंड आतापर्यंत पहिल्या मजल्याने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं, कडेवरच्या पोरांनीही पाहिलं. उद्या अख्ख्या सोसायटीची कामं होणार होती, एकट्या दिलीपचं सोडून.

दगडापाशी काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला.

"पोपट," निकाल देऊन गॅलरीत परतलेल्या धर्मराजांचा आवाज आला, "लाइट तिकडे घे."

पोपटने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "काका, आन् कायदा?"

"कायदा कोल्ह्यासाठी आहे. माझा बूट उचलल्यापासून तो आरोपी आहे."

ट्रक कण्हत मागे गेला, वळला. उजेड दिलीपच्या अंगावरून उतरला, चिखलावरून सरकला आणि दगडापलीकडे जाऊन थांबला. कोल्हा तिथेच होता. वाटला होता त्यापेक्षा लहान, एखाद्या भुकेल्या कुत्र्याएवढा. तोंडात बूट, बुटाची लेस खाली लोंबत होती. त्याने दिलीपला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि 'कळवतो' असंसुद्धा न म्हणता तिवरांत शिरला.

गॅलऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरून शिट्टी आली. सरोजिनीबाई साडी सावरत, धापा टाकत बांधावर पोचल्या.

"तोंड दिसलं?"

"दिसलं. पण त्यात बूट होता."

सरोजिनीबाई त्याच्या अनवाणी पायांकडे बघू लागल्या.

"कुठल्या पायातला?"

"उजव्या."

त्यांनी तिवरांकडे वळून दोन्ही हात जोडले.

"उजवा कौल दिलान हो," त्या म्हणाल्या, आणि तिथेच हेडलाइटच्या उजेडात बसून उरलेल्या डाव्या बुटाला पदराने चमकवू लागल्या.