बाईंचा ट्रे

सातव्या खाटेजवळ ती ट्रे घेऊन उभी राहिली. औषधांच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. आजची तिसरी खेप शेवटची. आज चुकली तर नर्सिंग सुटणार होतं.

परीक्षा घेणाऱ्या बाईंचा दरारा कॉलेजभर होता. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक झाली नव्हती. ट्रे त्या स्वतः लावत आणि त्यातली एक वस्तू हटकून बदलून ठेवत. खरी वस्तू एप्रनच्या खिशात. मुलीने चूक पकडली की ती काढून हातात देत. नाही पकडली तर सुई टोचायच्या आत मनगट धरत. हिचं मनगट त्यांनी दोनदा धरलं होतं.

आज बाई जरा लांब, खिडकीपाशी उभ्या होत्या.

"इन्सुलिन, वीस युनिट," त्या म्हणाल्या. "दे आता."

दुधाने तोंड पोळलेलं, आता ती ताकही फुंकून पीत होती. तिने केसपेपर वाचला, खाटेवरच्या आजोबांच्या मनगटावरचा पट्टा वाचला, बाटलीवरची तारीख वाचली.

"टोचतेस की मुहूर्त बघतेस?" आजोबांनी विचारलं.

"दोन्ही, आजोबा."

बाटली शंभरची होती, म्हणजे एका मिलीत शंभर युनिट. सिरिंजचं टोपण लाल, म्हणजे ती चाळीसची, तिच्या रेघा मिलीला चाळीस युनिटच्या औषधासाठी आखलेल्या. तिने मनातल्या मनात आकडेमोड केली. या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर आजोबांना पन्नास युनिट जाणार होते. आत्ता थट्टा करणारा माणूस तासाभरात बेशुद्ध पडला असता, तोही दहा थेंबांनी. औषधाच्या ताकदीने ती थक्क झाली, आणि हा सापळा लावणाऱ्या बाईंच्या डोक्यानेही.

"बाई, सापडलं. बाटली शंभरची, सिरिंज चाळीसची."

बाई जवळ आल्या. त्यांनी चष्मा सारखा करून बाटली वाचली, सिरिंज पाहिली, मग पुन्हा बाटली वाचली.

"पास," त्या म्हणाल्या.

तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिने हात पुढे केला. "खरी सिरिंज द्या ना, बाई. आजोबांची न्याहारी यायची वेळ झाली."

बाई आजोबांच्या पायाशी खाटेवरच बसल्या. रुग्णाच्या खाटेवर बसलेलं त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"कपाटातून आण," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी शेवटची खेप म्हणून आज मी काही बदललंच नव्हतं."