हातमोज्यांची तक्रार

“नाही हो, अजून मोठेच होतात तिला,” काज-बटणं करणारी बाई सलग सहाव्या दिवशी फोनवर खोटं बोलली.

पलीकडे सरकारी प्रशिक्षण केंद्रातला तक्रारींचा कारकून होता. वेल्डिंगचे हातमोजे फार मोठे आहेत, अशी तिच्या लेकीने तक्रार केली होती. केंद्राने लगेच लहान मापाचे दिले. पण नियम असा, की अर्जावरच्या नंबरावर फोन करून ‘मिटली’ असं ऐकल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. मुदत सात दिवस. आणि अर्जावर नंबर होता आईचा.

घोळ इथेच होता. “पोरीच्या जातीनं ठिणग्यांशी खेळायचं नाही,” असं आई आठ महिन्यांपूर्वी बोलून गेली, आणि लेक पिशवी उचलून चालती झाली. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन्ही सुंभ एकाच पिळाचे. कारकुनाचा पहिला फोन आला तेव्हा कुठे आईला कळलं, की पोर धडधाकट आहे, शिकतेय, आणि तिचे हात अजून तसेच बारीक आहेत. ‘मिटली’ म्हटलं असतं तर तेवढाही धागा तुटला असता. म्हणून लेकीला विचारल्याचं सोंग करून ती रोज ‘नाही’ ठोकून द्यायची.

फोन चारला यायचा. साडेतीनपासूनच तिचं लक्ष उडायचं. एकदा तर शर्टाच्या पाठीवरच काज पाडून बसली.

“जेवते का हो नीट?” तिने एक दिवस हळूच विचारलं.

“बाई, तक्रार हातमोज्यांची आहे,” कारकून म्हणाला. मग जरा थांबून, “जेवते. ताट पुसून जेवते.”

सातव्या दिवशी त्याचा आवाज उतरलेला होता. “आज मुदत संपते. बंद झाली नाही तर उद्या साहेब मला फैलावर घेतील. काय ते खरं सांगून टाका.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली. आपल्या हट्टापायी त्या भल्या माणसाला का बोलणी बसावीत? लेकीची इतकी आठवण तिला आठ महिन्यांत आली नव्हती.

“मिटली,” ती म्हणाली. “लिहा, मिटली.”

“मिटली, असं लिहितो,” कारकून मोठ्याने म्हणाला. फोन मात्र त्याने ठेवला नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो हलक्या आवाजात बोलू लागला.

“बाई, हातमोजे पहिल्याच दिवशी बसले होते. तुमची लेक रोज चारला माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहते. ‘आईला सांगू नका,’ म्हणाली होती. तुम्ही ‘नाही’ म्हणालात की हसत परत जाते. आज ‘मिटली’ ऐकलं आणि रडायला लागलीय. आता मी काय लिहू?”