चार डिस्क, चार दिवस

काका-काकूंच्या घरात मी बसवलेल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात साठायचं, तो गच्च भरला होता. आतल्या चारही डिस्क काढून मोठ्या घालायच्या होत्या. दिवसाला एकच बदलता येते. नव्या डिस्कवर जुनं सगळं उतरायच्या आत दुसरीला हात लावला, की खेळ खलास. म्हणून तोवर मी कॅमेरे बंद ठेवले.

"अरे देवा!" काकू म्हणाल्या. "मुलगा तिकडून रोज बघतो आम्हाला. दिसलो नाही तर जीव खालीवर होईल त्याचा. आत्ता फोन करील बघ."

चार दिवस त्यांनी मोबाईल हातातून सोडला नाही. आंघोळीला जाताना तो काकांच्या हातात देऊन जायच्या. फोन आला नाही.

शेवटच्या दिवशी काकांनी मला जिन्यातच गाठलं. "तिला एवढं सांग, डिस्क बदलताना तिकडे जुनंच रेकॉर्डिंग दिसत राहतं. त्याला पत्ताच लागला नसेल."

असली थाप आमच्या धंद्यात कुणी मारणार नाही. मी मारली.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "आणि मी मेली उगाच पोराला बोल लावत बसले." मी कॅमेरे चालू केले, तशा केस सारखे करून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात हलवला.

कॅमेरे कुणी कधी उघडून पाहिले, ते डब्यात दिसतं. तिथे एकच तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. कॅमेरे बसवले त्या दिवशी, नीट चालतात का ते बघायला मीच उघडले होते.