डोळा की डूल

समोर सहा वस्तू होत्या. भिंतीवर नवा टीव्ही, त्याखाली नवा प्लेअर, दोघांना जोडणारी जाड केबल, दोन रिमोट आणि काळ्या डबीतली एक तबकडी. सातवी वस्तू वडिलांच्या मांडीवर होती : चामडी डबीतली कापडी टेप. टीव्हीशी तिचं काही काम नव्हतं.

"जुन्या तबकडीत चित्राचे ठिपके होते चार लाख चौदा हजार," मुलगी म्हणाली. "हिच्यात बरोबर वीसपट. शिवाय ही मूळ निगेटिव्हवरून नव्याने केलेली आहे. तिथे पापणी उमटली असेल तर इथे दिसेल. नसेल, तर काही केलं तरी दिसणार नाही."

"उमटलीय," वडील म्हणाले.

वडिलांनी आयुष्यभर सिनेमाच्या कॅमेऱ्यावर फोकस ओढला होता. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि भिंगाची कडी फिरवून त्या आकड्यावर आणायची, हे त्यांचं काम. या सिनेमातल्या एका क्लोजअपमध्ये फोकस चुकला, असं दिग्दर्शक म्हणाला होता. वडील म्हणाले होते, चुकला नाही. अठ्ठावीस वर्षं घरात हा खटला चालू होता. जुन्या तबकडीत डोळाही धूसर दिसायचा आणि कानातलं डूलही, त्यामुळे निकाल काही लागत नव्हता.

"अठ्ठावीस वर्षं त्या बाईच्या डोळ्यांत बघतायत," आई संत्रं सोलत म्हणाली. "माझ्या डोळ्यात एकदा कचरा गेला, तर म्हणाले, तूच फुंकर मार."

"तिच्या डोळ्यांत बघायचा पगार मिळायचा."

"हो, आणि तो पगार मी पुरवून पुरवून खर्चायचा."

मुलीने खिडकीचा पडदा ओढला. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन शार्पनेस शून्यावर आणला.

"ते कशाला?" वडिलांनी विचारलं.

"टीव्ही आपल्या मनाने कडा ठळक करतो. मग निगेटिव्हवर काय होतं ते कळणार नाही."

"बरोबर आहे. त्याची अक्कल नकोच. जे आहे ते दाखव."

टीव्हीवर नायिका खिडकीपाशी आली, वळली, थांबली. मुलीने चित्र तिथेच थांबवलं. चेहरा टीव्हीभर झाला.

वडील खुर्चीत ताठ झाले. त्यांची मान थोडी डावीकडे वळली होती, दाराशी कुणी आलंय का हे बघावं तशी.

"हे बघ! पापणी न् पापणी सुटी. काय सांगत होतो मी?"

मुलीने पाहिलं. पापण्या एकमेकींत मिसळून त्यांची एक मऊ, तपकिरी सावली झाली होती. त्यांच्या मागे, कानात, मोत्याचं डूल होतं. मोती ओवलेली तार दिसत होती. तारेचा पीळही दिसत होता.

आईने संत्र्याची फोड तोंडाशी नेली होती. हात तिथेच राहिला.

"गप्प का?" वडील म्हणाले.

"बघतेय."

"मग? कुठे आहे फोकस?"

"डोळ्यावर," मुलगी म्हणाली. "छान आहे, बाबा."

"छान?" वडील हसले. "फिजिक्स शिकायला लागल्यापासून तू एवढ्या पटकन कशालाच हो म्हणाली नाहीस."

टेप खुर्चीत ठेवून ते उठले. खुर्चीचा हात, टीपॉयची कड, मग टीव्हीची कड, असे हात टेकत पुढे गेले. चेहरा काचेपासून वीतभरावर आला. मान तिरकी करून ते एका बाजूने बघू लागले. भुवईवरून पापणीवर आले. तिथे बराच वेळ थांबले. मग गालावरून मागे सरकत कानापाशी पोचले.

"तार दिसतेय," ते म्हणाले. "पीळसुद्धा."

त्यांनी बोट काचेवर टेकवलं, आधी पापणीवर, मग डुलावर.

"डोळा नाही. डूल. साडेतीन इंच मागे." त्यांनी मान सरळ केली नाही. "मी सगळ्यांना सांगायचो, चुकला असलाच तर बाई पुढे हलली म्हणून. ती कसली हलतेय! 'हलू नका' म्हटलं की दगड व्हायची. मीच चुकलो."

"अहो, या इकडे. बसा," आई म्हणाली.

"बाबा," मुलीने विचारलं, "मघाशी खुर्चीतून तुम्हाला काय दिसत होतं?"

"उजेड. कडेकडेने थोडी खिडकी. मधे काही नसतं हल्ली." त्यांनी टीव्हीची कड चाचपली. "बाईचा चेहरा कुठे आहे ते मला पाठ आहे गं."

आईने फोड परत बशीत ठेवली.

"टेप आण," वडील म्हणाले. "तार दिसली ती इथून. डॉक्टरांना आकडा लागेल. नुसतं 'दिसत नाही' म्हणून काय सांगणार त्यांना?"

मुलीने खुर्चीतली टेप उचलली. आई हात पुसत जवळ आली आणि तिने टेपचं टोक धरलं.

"नाकापाशी नाही," वडील म्हणाले. "डोळ्याच्या कोपऱ्याशी धर."

आईने टोक डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं. तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याला लागेल इतका जवळ आला होता.

"मी दिसते का?"

"संत्र्याचा वास येतोय."

टेप सैल पडली. मुलीने दुसरं टोक डुलावर, तारेच्या पिळावर टेकवलं आणि टेप ताणून घेतली.

"हलू नका, बाबा."

ते हलले नाहीत.

"किती?"

"सव्वासहा इंच."